रीनाच्या पट्टीत

प्रिय अहो आई,

काल आपल्या वर्गानं नवरात्राचा मांडव गाजवला! सकाळपासून भेटेल त्याला सांगत सुटलेय. दूधवाल्याचंही डोकं खाऊन झालं. पण ज्यांना सांगायचं, त्या तुम्ही नेमक्या फोटोत जाऊन बसलात. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या अख्ख्या सुपे गावाला वाटलं, बायकांचा गाण्याचा वर्ग आता बंद पडणार. मलाही वाटलं. तुम्ही जन्मभर शाळेत संगीत शिकवलेलं, मी तुमच्याच हाताखाली पेटी शिकलेली सून. जाताना पेटी माझ्याकडे सरकवलीत आणि तुमची सहनशक्ती मात्र बरोबर घेऊन गेलात. हे काही बरं केलं नाहीत!

वर तो तुमचा नियम! वर्गात सगळ्यात शेवटी जी आली, तिच्या गळ्याला झेपेल ती पट्टी लावायची आणि बाकीच्यांनी तिच्या सुरात गायचं. माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांना खाली उतरवलं होतंत, आठवतं? मी लग्न होऊन नुकतीच आले होते. या घरात आपल्याला जागा आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

यंदा श्रावणात रीना आली. बिहारची. नवरा एमआयडीसीत कंपनीत, राहायला मागच्या चाळीत. मराठी यथातथाच, पण आवाज काय सांगू! जाडसर, खालचा, गोड. तिच्यासाठी पट्टी खाली घेतली की आपल्या कुसुमकाकू फुरंगटायच्या. "आमी इतकी वर्षं गातोय, आन् ह्या कालच्या बाईपायी घशात घरघर करायची व्हय?"

रीनाला सगळं कळायचं हो. "हम सुन लेंगे, दीदी," म्हणून ती ओसरीच्या कडेला सरकायची.

मांडवात गायचं ठरलं आणि काकूंनी ग्रुपवर टाकलं, "गावच्या देवीपुढं गावच्याच बाया गातील. नसंल पटत तर आमी येनार न्हाई." खाली बाकीच्यांचे अंगठे! तुम्ही असतात तर काकूंना चहाला बोलावलं असतंत. मी पडले तापट. लिहिलं, "रीना गाणार. कुणी आलं नाही तर आम्ही दोघी गाऊ." आणि फोन आपटला. मग मात्र मनात आलं, तुमचा वर्ग मी एका ओळीत मोडला का?

काल मांडवात पोचले, तर सगळ्याजणी हजर! गावासमोर शोभा नको म्हणून आल्या असतील. काकूंचं तोंड दुसरीकडे. रीना मागच्या ओळीत. त्या गडबडीत मी सवयीनं जुनी, वरचीच पट्टी धरली. गाणं सुरू झालं. वर चढताना रीनाचा आवाज फाटला. ती नुसतेच ओठ हलवत राहिली.

आणि काकूंनी टाळ थांबवले. भर मांडवात, माईकसमोर! "ए स्वाती, खाली घे पट्टी. रीनाला लई वर जातंय. परत पयल्यापासनं म्हनू."

अहो आई, मला पेटीवरचे सूर दिसेनात! काकूंनी रीनाला हाताला धरून पुढे आणलं. पुन्हा सुरुवात केली, तेव्हा तिचा आवाज असा उमटला की मागे गप्पा मारणारे गडीसुद्धा पुढे सरकले. काकूंचा घसा खरंच घरघरत होता, पण त्या शेवटपर्यंत गायल्या.

नंतर मी विचारलं, "काकू, हे कसं काय?"

"तशी गप हुबी ऱ्हायलेली बघवंना गं," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठं गावची? कोल्हारवरनं लगीन करून आल्ते. आपल्यातली एक तरी हितं जल्मली हाय का?"

खरंच की! तुम्हीसुद्धा बाहेरच्याच. इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या कसं लक्षात आलं नाही?

आता रीनाच्या चाळीतल्या बायकाही यायचं म्हणतायत. ओसरी पुरणार नाही. तुमची खोली मी अजून उघडली नव्हती. चादरसुद्धा तुम्ही घातलीत तशीच आहे. हात लावायचा धीरच झाला नाही. पण तुम्हाला शब्द देते, पुढचा वर्ग तिथेच भरेल. पलंग हलवायला काकू आणि रीना दारात येऊन उभ्या आहेत. उठते.

तुमची सून,
स्वाती