सोळा विजय आणि निवड समिती

केसलर, इंडियाना
सोमवार

ती. ऑर्व्हलदादास,

थर्मनचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे जरा मोकळे झाले असतील, लेकीकडे जेवणखाण वेळेवर होत असेल. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे कसलंच क्षेम नाही. पण पत्राची सुरुवात रडगाण्याने करू नये असं आई सांगायची, म्हणून आधी हवामान लिहितो. हवा घाण आहे.

आता मुद्दा. तुला पेपरातून कळलंच असेल (तुमच्या तिकडच्या पेपरात केसलर कॉलेजचं नाव कशाला येईल म्हणा), की आपली बास्केटबॉलची पोरं यंदा शेजारच्या कॉलेजांच्या कॉन्फरन्समध्ये अठरापैकी सोळा सामने जिंकली आणि परवा शनिवारी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात डनमोरकडून एका गुणाने हरली. डनमोर! ज्यांना हिवाळ्यात आपण दोनदा धुतलं, ते! त्या एका विजयावर ते थेट राष्ट्रीय स्पर्धेत, आणि आपण निवड समितीच्या दारात हात जोडून उभे. समिती म्हणते, कॉन्फरन्समध्ये तुमचा नंबर कितवा ते आम्ही बघत नाही; बाहेरच्या तगड्या संघांपुढे काय दिवे लावलेत ते सांगा. (नोव्हेंबरात पाच सामने, पाच पराभव. पण तेव्हा आपल्या उंच पोराचा घोटा सुजला होता.)

तू म्हणशील, "थर्म्या, समितीचं बरोबर आहे. आपल्या गल्लीत कोण शेर नसतो?" मी म्हणेन, अरे, परक्याला हरवणं सोपं, त्याला आपलं काही ठाऊक नसतं. शेजाऱ्याला आपली सगळी खोड माहीत असते, आणि तरी त्याला वर्षातून दोनदा हरवायचं! मग तू टेबलावर मूठ आपटशील आणि माझी कॉफी सांडेल.

काल रविवारी मोठ्या पडद्यावर निवड जाहीर होताना सगळं गाव जिममध्ये जमलं. बायकांनी हॅम-बीन्स आणि शुगर क्रीम पाय या गोड पदार्थाची रांगच मांडली होती. जिमच्या जुन्या घंटेची दोरी माझ्या हातात (तू ॲरिझोनाला गेल्यापासून तो मान माझा). पडद्यावर आपलं नाव आलं की घंटा, घंटा झाली की बँडने कॉलेजचं गीत पुरं वाजवायचं, मध्ये थांबायचं नाही. हा नियम कोणी केला ते देव जाणे. पडद्यावर आपला जांभळा रंग झळकला आणि मी दोरीला लोंबकळलो. बँड सुरू, पोरं एकमेकांच्या खांद्यावर, कोचच्या डोळ्यांत पाणी. चष्मा पुसून पाहतो तर जांभळ्यावर डनमोरचं नाव. दोन्ही कॉलेजांना जांभळाच रंग सुचला, त्याला मी काय करू? गीताला चार कडवी आहेत, दादा. चारही वाजली, डनमोरच्या सन्मानार्थ.

मग तासभर बसलो. आपलं नाव आलंच नाही. लोक भांडी आवरू लागले, तेव्हा कोचची बायको विल्मा पायचं रिकामं भांडं घेऊन माझ्याकडे आली. वाटलं, आता डोक्यात घालते. म्हणाली, "असू दे हो, थर्मनकाका. पोरांनी चार कडवी तरी आनंदात काढली."

नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात सगळे समितीला शिव्या देत होते. म्हणाले, अन्याय झाला. मी म्हणालो, झालाच. सगळे म्हणाले, बरोबर. आणि विषय संपला! अडीच मिनिटांत, दादा. आपल्या दोघांना हा विषय ईस्टरपर्यंत पुरायचा. माझ्या विरुद्ध बोलणारं गावात कोणी उरलं नाही. कॉफी तशीच भरलेली राहिली आणि मला तुझी फार आठवण आली.

तुझा धाकटा,
थर्मन

ता. क. – उरल्यासुरल्या संघांची एक स्पर्धा असते, तीत आपल्याला घेतलंय. पुढच्या बुधवारी आपल्याच जिममध्ये सामना. पोरगी विमानात बसवून देते का, विचार. जिना चढायला नको म्हणून तुझ्यासाठी खाट खालच्या खोलीत आणली आहे. (एकट्याने आणली. पाठ धरली आहे.)

आणखी एक ता. क. – समितीचंच बरोबर आहे. मला हे गेली बावीस वर्षं पटलेलं आहे. पण मीही तेच म्हणालो असतो, तर तू रोज संध्याकाळी माझ्याकडे आला कशाला असतास?