अखेरचा डबा येईपर्यंत

लिहून ठेवणार सौ. दैवशाला भ्र. चंद्रभान गिराम, वय पंचेचाळीसच्या आसपास, धंदा फिरता सिनेमा, राहणार सेलू, जिल्हा परभणी. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीस घातल्याने नव्हे, तर स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. ताप रोज संध्याकाळी येतो, पण डोकं ठिकाणावर आहे. माणिकराव वैद्यांनी नाडी पाहून तसं सांगितलं आणि खाली त्यांची साक्ष आहे. कचेरीत उर्दू लागते हे मला ठाऊक आहे. तर्जुमा मागाहून करावा. वाचून दाखवलेलं मला समजलं पाहिजे, म्हणून मूळ कागद मराठीत.

लिहिणारे दिनकरराव वकील यांनी पहिल्या ओळीत माझ्या नावामागे 'गं. भा.' लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि 'सौ.' लिहवून घेतलं. ही खाडाखोड माझ्या संमतीने झालेली आहे. मालकांचं नाव दिनकररावांनी आपणहून घातलं, मी ते उच्चारलेलं नाही. यापुढे 'मालक' येईल तिथे तेच समजावेत.

मालक गेल्या कार्तिकात वऱ्हाडात गेले. मुंबईचे खेळ रेल्वेने येणं बंद पडलं होतं. दाखवून झालेल्या सिनेमाचे डबे वाशीमला परत करायचे आणि नवा खेळ घेऊन यायचा, असा बेत होता. संस्थानच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यापर्यंत आमचा इंजिनवाला मुंजाजी याने गाडी हाकली. पुढे मालक एकटेच दुसऱ्या गाडीत बसले. मग धामधूम वाढली, सरहद्द बंद झाली, आणि तेव्हापासून निरोप नाही. निघताना ते म्हणाले होते, "तंबू फिरता ठेव. गावाचा क्रम मोडू नको. मी घरी न्हाई, तंबूवरच येणार हाय." हे मृत्युपत्र त्यातल्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. बाकीची कलमं दिनकररावांच्या समाधानासाठी.

कलम पहिले. सेलूचं घर मालकांचं आहे, ते वाटायचा मला हक्क नाही. ते त्यांची वाट पाहील. किल्ली माझी जाऊ सुमनबाई हिच्याकडे राहावी. तिच्या नवऱ्याकडे राहू नये.

कलम दुसरे. तंबू, यंत्र, भोंगा, पडदा आणि तेलाचं इंजिन माझ्या माहेरच्या वावराच्या मोबदल्यात घेतलेलं आहे, म्हणून ते सर्वस्वी माझं. ते मी मुंजाजी यास देते. माझे दीर राधाकिशन यांचा इंजिनावर डोळा आहे. त्यांना पिठाची चक्की टाकायची आहे. परवा, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, गावातल्या बायका बांगड्या भरायला निघालेल्या असताना ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, साल व्हायलंय. माणूस असता तर आला नसता का? आता बांगड्या उतरवा, क्रियाकर्म करून मोकळं होऊ."

मी म्हटलं, "भावजी, तुमाला चक्की पायजे म्हणून मी कपाळ पुसू का?"

मी त्याच दुपारी कासाराला बोलावून दोन्ही हातांत नव्या बांगड्या भरल्या, कोपरापर्यंत. राधाकिशन यांना माझ्याकडून आशीर्वाद मिळावेत, इंजिन मिळू नये.

कलम तिसरे, येत्या हंगामाचे खेळ. मुंजाजीला सगळं मिळतं ते या अटीवर की क्रम बदलायचा नाही. दिवाळीला कापूस येऊ लागला की सेलूत, बन्सीधर शेठजींच्या जिनिंगच्या आवारात. मार्गशीर्षात राणीसावरगावला, देवीच्या देवळामागच्या पडीत. माघात गंगाखेडला, गोदेच्या वाळूवर. लोक कमी आले तरी तिथेच, आणि शेजारच्या गावी दुप्पट येणार असले तरी तिथेच. मालक कोणत्याही महिन्यात परत आले तरी तंबू कुठे असेल हे त्यांना कोणाला विचारावं लागू नये.

संक्रांतीला बायकांचा खेळ करावा. त्या दिवशी तंबूत मुंजाजीखेरीज पुरुष नको आणि बायकांना पडद्याच्या समोर बसवावं. याचं कारण लिहिते. आमच्या तंबूत पुरुष समोर बसतात आणि बायका पडद्याच्या मागे. कापड ओलं असेल तर चित्र पलीकडे उतरतं, म्हणून मी तांब्याने पडद्यावर पाणी मारते. मागून सगळी माणसं डावखुरी दिसतात. नवरदेव डाव्या हाताने मंगळसूत्र बांधतो, देव डाव्या हाताने आशीर्वाद देतो. सगळं आयुष्य मी देवाचा डावा हात पाहिला. मालक म्हणायचे, "आशीर्वादाला हात कोणता का असंना, पोचला म्हंजे झालं."

खेळ सुरू होण्याआधी उजेड सरळ पडतो का हे बघायला मालक भिंगापुढे आपला हात धरत. त्या हाताची सावली पडद्यावर पडे, चांगली हत्तीच्या कानाएवढी. समोरची माणसं ओरडायची, "हात काढा, खेळ लावा!" मी मागून त्या सावलीवर हात टेकवायची. त्यांना माझा हात दिसत नसे, पण कापड हलायचं आणि मग ते आपला हात काढायचे. आमच्यामध्ये अख्खा गाव बसलेला असायचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दिनकररावांनी लेखणी थांबवून विचारलं, हे कायद्याच्या कागदात कशाला? लिहा म्हटलं. मला त्या हाताची फार आठवण येते, तेही लिहा.

कलम चौथे, अखेरचा डबा. मालक गेले तेव्हा आमच्याकडे एकच खेळ उरला. एका सुनेवर चोरीचा आळ येतो, त्याची गोष्ट. पण परत करायच्या डब्यांत त्या खेळाचा शेवटचा डबा चुकून गेला. डबे पडद्यामागे ठेवलेले असत, पडद्याचं पाणी ठिबकून त्यांच्यावरचे खडूचे आकडे पुसले गेले आणि मुंजाजीने गाडी भरली. मुंजाजी अजून स्वतःला दोष देतो. तो त्याने सोडावा, असं हे मृत्युपत्र त्यास फर्मावते.

तर गेला हंगामभर आम्ही शेवट नसलेला खेळ दाखवला. पंच बसतात, सून उभी राहते, तोंड उघडते, आणि पडदा पांढरा. सेलूत लोकांनी दगड मारले. राणीसावरगावात मात्र कडूबाई, ऊसतोडीला जाणारी बाई, पडद्यामागून उठली आणि त्या सुनेला म्हणाली, "बोल की बाई! तोंड शिवलंय का तुजं?" सून काही बोलेना. तेव्हा कडूबाईनेच पंचांना झाडलं. "चोरी तुमच्या घरात हाय, तिच्या पदरात न्हाई!" पलीकडचे पुरुष ऐकत होते. दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा आल्या, म्हणाल्या, आज आमी बोलणार. गंगाखेडला नावाड्यांनी विचारलं, "मालकीणबाई, डबा कवा यायलाय?" मी म्हटलं, मालक आणायल्यात.

तेव्हापासून गावोगाव मला कोणी 'मालक जिवंत आहेत का' असं विचारत नाही, 'डबा कधी येणार' असं विचारतात. एवढी माणसं माझ्याबरोबर वाट पाहत आहेत म्हणून मी हे वर्ष काढलं. राधाकिशन म्हणतात, तोच डबा औरंगाबादहून मागवता येईल. मागवायचा नाही. ज्यांनी नेला तेच आणतील. तोवर दवंडीत हेच सांगावं की खेळ अपुरा आहे, पुरा होणार आहे.

मालक येणारच नाहीत असं कोणी पुराव्यानिशी सांगत आलं तर काय, असं दिनकररावांनी विचारलं. त्याबाबत या मृत्युपत्रात काही लिहिलेलं नाही.

कलम पाचवे. मला सवाष्णीसारखं न्यावं. हिरवं लुगडं, कपाळी मळवट, गळ्यात मंगळसूत्र, हातात याच बांगड्या. ओटी सुमनबाईने भरावी. कोणी आडवं आलं तर तिने हा कागद पुढे करावा.

कलम शेवटचे. मालक येतील त्या संध्याकाळी, ज्या गावी तंबू असेल त्या गावी, अपुरा खेळ पहिल्यापासून लावावा आणि सगळ्यांना फुकट सोडावं. कडूबाईला आधीच सांगून ठेवलं आहे; ती जिथे असेल तिथून तिला बोलावून घ्यावं. बायकांना नेहमीसारखं मागे बसवावं, पण खांबाजवळची माझी जागा कडूबाईला द्यावी. पडदा तिने ओला करावा. मालक येताच मला विचारतील. तेव्हा मुंजाजीने एवढंच म्हणावं, "मागं हायत, पाणी मारायल्यात." ते मागे डोकावणार नाहीत. बायकांच्या बाजूला पुरुषाने जायचं नाही हा नियम त्यांनीच घातला आहे. बायकांनी तेवढी संध्याकाळ तोंड मिटून बसावं. जन्मात एकदा जमेल.

मालकांना यंत्रापाशी जाऊ द्यावं. ते भिंगापुढे हात धरतील. कडूबाईने मागून त्या सावलीवर हात टेकवावा, म्हणजे कापड हलेल आणि त्यांना खेळ सुरू करता येईल. सून काय बोलते ते सगळ्या गावाबरोबर त्यांनी ऐकावं. लोक उठून गेल्यावर, पडदा उतरवताना, त्यांना माझं सांगावं. त्याच्या आधी सांगू नये.

वाचून दाखवलं, समजलं, कबूल आहे. दिनकरराव अंगठा मागत होते. माझी आजी कागदावर बांगडी उमटवत असे, तशीच मी माझी, परवा भरलेली, उमटवते.

निशाणी बांगडी
सौ. दैवशाला भ्र. चंद्रभान गिराम

साक्षीदार: माणिकराव, वैद्य, सेलू
साक्षीदार: बन्सीधर, जिनिंगवाले, सेलू
लिहिणार: दिनकरराव, वकील

मुक्काम सेलू, श्रावण शुद्ध षष्ठी, शके १८७०, सन १३५७ फसली