माधवच्या गाडीचा हिरवा

सांगली, ११ फेब्रुवारी १९४६

माधवची गाडी आली. साताऱ्याहून त्याचा ड्रायव्हर तुकारामच चालवत घेऊन आला. इस्लामपूरच्या अलीकडे बंद पडली, तर उसाच्या गाडीवाल्याचे बैल सोडवून जोडले आणि गावापर्यंत ओढली म्हणे. लढाईभर गोठ्यात विटांवर उभी. पेट्रोल कुठलं मिळायला! हूड फाटलंय, गादी उंदरांनी खाल्लीय, रंगाला तडे. बघवेना. माधवसारखा जिवलग मित्र गेला तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो, आज मडगार्डवर हात ठेवला आणि फुटलोच. सौ. खिडकीतून म्हणाली, "गाडीच्या गळ्यात पडून रडू नका, शेजारी बघतायत." बाईला काळवेळ म्हणून नाही.

वहिनींचा निरोप तुकारामबरोबर: शालूचं लग्न वैशाखात धरलंय. बाप तर नाही, निदान बापाच्या गाडीतून सासरी जाऊ दे. "भाऊजींना सांग, आणली त्या दिवशी होती तश्शी करून द्या. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

लागू देतोय मी!

१४ फेब्रु.

पेठेत रंग नाही. काळा आहे, आणि लष्कराचा उरलेला खाकी. दुकानदार म्हणतो, खाकी मारा की, जोरात चाललाय. त्याच्या थोबाडाला मारावासा वाटला. मिरजेत एक जण पंपानं रंग उडवतो, अर्ध्या दिवसात गाडी तयार. ती काय धुळवड आहे?

आमची उमेद बग्ग्या रंगवण्यात गेली. अस्तर, भेगा बुजवायची लांबी, घासणी, रंगाचे हात, पुन्हा घासणी, वर वार्निश. एकेका बग्गीला महिना. कुणी घाई केली नाही, कुणी विचारलंही नाही. तसंच करणार. भुकटी आणून स्वतः घोटणार.

हिरवा करायला काय लागतं? प्रशियन निळा, पिवडी, चिमूटभर काजळ. त्यात काय मोठंसं.

१५ फेब्रु.

दिवसभर तो जुना दिवस डोळ्यांपुढे. मुंबईहून गाडी आणायला माधव नि मी दोघंच गेलो होतो. नवा कोरा डॉक्टर आणि त्याची नवी कोरी गाडी! खंबाटकीच्या घाटात पाणी उकळलं, तर माधवनं स्वतःच्या पिण्याचं पाणी गाडीला पाजलं आणि साताऱ्यापर्यंत कोरड्या घशानं गात आला. गाता गळा नव्हताच कधी. दारात वहिनी ओवाळायला उभ्या, नाकात नथ, गाडी बघून हसू आवरेना. आणि गाडी हिरवीगार, कोवळ्या हरभऱ्यासारखी. उन्हात चमकत होती. आत्ता बघितल्यासारखं आठवतंय.

२२ फेब्रु.

नमुना कुठून घ्यावा म्हणून मागची नंबराची पाटी काढली. तिथं ऊन नाही, पाऊस नाही, मूळचा रंग असणार.

खाली निळा.

चष्मा पुसून पुन्हा बघितलं. निळाच. आकाशी नव्हे, जरा खोल.

२३ फेब्रु.

वाटलं, मध्ये कुणीतरी हिरवा फासला असेल. दारावर टर्पेंटाईनचं फडकं घासलं. हिरव्याचा थर सुटेल म्हणून बघतो, तर फडक्यावर निघालं पिवळं-तपकिरी, चहासारखं. खालून निळा. म्हणजे हिरवा कुणी दिलेलाच नाही. निळ्यावर पिवळी साय धरलीय आणि बघणाऱ्याला हिरवं दिसतंय.

साय कसली, ते कळेना. तुकारामला हाक मारली. तो आपला गाडीतच झोपतो, गाडी सोडून घरी जात नाही. त्याला विचारलं, गाडीला काय लावायचास रं?

"त्याल की वो आण्णा."

"कसलं तेल?"

"जवसाचं. दर बेंदराला. दसऱ्याला बी एक हात."

मी कपाळाला हात लावला. तो मात्र फुशारकीनं सांगतोय: "आमच्या कडेगावात बेंदराला बैलाच्या शिंगास्नी त्याल चोळत्यात, हिंगूळ लावत्यात. हितं बैल न्हाई, मग गाडीच आमचा बैल! पयल्या वर्षापासनं एक साल चुकलो न्हाई. लय चकाकायची. डॉक्टरसायेब म्हनायचं, चोळ तुकाराम, चोळ."

अरे, जवसाचं तेल! वाळतं, घट्ट बसतं आणि पिवळं पडतं. अंधारात तर जास्तच, आणि ही गाडी लढाईभर अंधारात. एवढी वर्षं ह्या गड्यानं बैल म्हणून गाडी पिवळी केली. ओरडलो त्याच्यावर. तो म्हणाला, "आवं, पन बैल निरोगी ऱ्हायला का न्हाई? कुटं गंजलाय दावा."

गंजलेली नाही, हे खरं.

२५ फेब्रु.

झोप धड नाही. गाडीचं काही नाही, निळी तर निळी. पण मी रंगारी. रंगावर पोट भरलं. आणल्या दिवशी मी त्या गाडीत होतो, आणि मला ती हिरवी आठवते. शपथेवर सांगितलं असतं. मग बाकीचं? माधव गात होता ते? वहिनींची नथ? का तेही नंतरचंच कुठलं तरी मागे नेऊन चिकटवलंय मी? माणूस गेला, त्याच्या आठवणी तेवढ्या हाताशी, आणि त्यांचाच भरवसा नाही म्हणजे मग

सौ. म्हणाली, जेवा आधी.

४ मार्च. सातारा

दोन फळ्या रंगवून सर्व्हिस मोटारीनं आलो. एक हिरवी, एक निळी. वहिनींच्या पुढे ठेवल्या. त्यांनी निळीकडे बघितलंही नाही. हिरवी उचलून पदरानं पुसली. "हाच. बाई गं, हाच."

मग सगळं सांगितलं. पाटीखालचा निळा, जवसाचं तेल, बेंदूर. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बरोबर होता ना?"

"होतो."

"मग कुठला होता?"

"मलाही हिरवाच आठवतो, वहिनी."

हसल्या. माधव गेल्यापासून पहिल्यांदा इतकं हसल्या. मग डोळ्यांना पदर. म्हणाल्या, "मी आपली रोज रात्री तो दिवस बघत पडते, आणि तोसुद्धा चुकीच्या रंगात!"

काय करू, विचारलं. हिरवा द्यायला मला अवघड नाही.

"नको. शब्द टाकलाय तोच. पहिल्या दिवशी होती तशी. खोट्या रंगाच्या गाडीतून पोर पाठवायची नाही मला." फळ्या मात्र दोन्ही ठेवून घेतल्या.

११ मार्च

नंबरपाटीखालचा तुकडा एवढा तळहाताएवढा. त्याच्याशी जुळवतोय. प्रशियन निळा फार उग्र, थेंबानं घ्यायचा. जस्ती पांढरा, काजळ कणभर. सकाळी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, सावलीत बघायचं. ओला एक दिसतो, वाळून दुसराच होतो. पाच फळ्या फुकट. तेल कमीत कमी घालतोय, पुन्हा पिवळा पडायला नको.

तुकाराम शेजारी बसून प्रत्येक फळीला म्हणतो, "ह्यो न्हवं." अरे, तू काय बघितलायस तो? "म्या चालवायला लागलो तवाच हिरवी व्हती." थापा! पहिल्या आठवड्यापासून हाच चालवतोय.

२ एप्रिल

जुना रंग घासून काढायला घेतला. पॉलिश पेपरखाली हिरवा जाताना जीव तुटला. बॉनेटवर एके ठिकाणी बोटाचा ठसा, सायीत रुतलेला. तेल ओलं असताना कुणीतरी टेकलेला. माधवचा असेल. तुकारामचाही असेल. कुणाचाही असेल. त्या जागेवर तीन दिवस पेपर नेला नाही. शेवटी नेला.

२० एप्रिल

अस्तर, लांबी झाली. रंगाचे हात चालू. ब्रशची एक खूण दिसणार नाही. सौ. बघायला आली. "निळी बरी दिसते की. माझं लुगडं होतं असं." कुठलं, विचारलं. "तुम्हाला कशाला आठवेल!"

३ मे

वार्निश झालं. तोंड बघून घ्यावं गाडीत. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, माझ्या तोंडानं सांगतो. पाटीखालच्या तुकड्याशी जुळवलेली फळी दाराशेजारी धरून बघितली, फरक म्हणून नाही. माधव, बघ बाबा. तुझी गाडी.

१२ मे. सातारा

शालूचं लग्न पार पडलं. वरात आमच्या गाडीतून. तुकारामला फेटा, मिशीला तेल.

वहिनी पुढे आल्या नाहीत, विधवेला कोण पुढे येऊ देतं. माजघराच्या खिडकीतून बघत होत्या. गाडी समोरून गेल्यावर मी आत गेलो. म्हणाल्या, "छान झाली हो. फार मेहनत घेतलीत."

पाहुण्यानं आणलेल्या आहेराला म्हणतात तसं म्हणाल्या. माझ्या ते लक्षात आलं. माझ्या लक्षात आलं हे त्यांच्याही लक्षात आलं.

बाहेर मांडवात एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "डॉक्टरांची जुनी काढली वाटतं. नवी घेतली."

तंतोतंत खरा रंग दिला, आणि माधवची गाडी परकी करून टाकली.

२८ मे. सांगली

काम नाही. घोटणी धुऊन ठेवली. हिरवा द्यायला हवा होता का? पण मग तो माझा हिरवा झाला असता. डब्यातला. तोही त्यांचा नव्हेच.

१३ जुलै. सातारा

वहिनींनी बेंदराला मुद्दाम बोलावलं. शालू आषाढाची माहेरी आलीय. पुरणाचा वास दारापर्यंत. गाडी अंगणात काढलेली, आणि तुकाराम वाटीत जवसाचं तेल घेऊन उभा.

माझं डोकंच फिरलं. "माझ्या वार्निशावर तेल? हात तोडीन तुझा!" म्हटलं, अडाणी आहेस का, एकदा कळलं तरी पुन्हा तेच? तो वहिनींकडे बघतोय. म्हणजे त्याची टाप नव्हती, हुकूम वरून होता.

वहिनी पायरी उतरून आल्या. फडकं त्यांच्याच हातात. "ओरडू नका त्याच्यावर. तुम्ही पहिल्या दिवसाची करून दिलीत ना? आता पुढचे दिवस आमचे आम्हाला लावू द्या."

मी बाजूला झालो.

शालूनं बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. वहिनी त्याला हात लावणार नाहीत. पण म्हणाल्या, "तेलाला तर कुणाची ना नाही?" आणि मागच्या दाराला स्वतः चोळायला लागल्या, माधव बसायचा त्या दाराला. जाड थापत होत्या. राहवेना. म्हटलं, असं नव्हे वहिनी, चिकट राहील, धूळ धरेल. तेलात थोडं टर्पेंटाईन घालून दिलं. फडकं पिळून घ्या, गोल फिरवा, मग कोरड्यानं पुसा. तुकाराम म्हणाला, "हे आदी सांगितलं असतं तर?" आदी विचारलंस कधी, गाढवा!

मग मीही एक फडकं घेतलं. पुढचं डावं दार माझं. तिथं बसून आलो होतो मुंबईहून.

शालूनं विचारलं, "काका, हिरवी कधी होईल हो?" तुकारामनं गाडी गोठ्यात, अंधारात नेऊन लावली.

१५ जुलै. सांगली

घरी आलो. हातांचा जवसाचा वास दोनदा धुऊनही जात नाही. सौ.नं ताट वाढलं. म्हणाली, "मग? कुठला रंग ठरला शेवटी?"

म्हटलं, अजून व्हायचाय.