एकटेपणाचे दहा गुण

९ मे

दहा कमी! एजंट बाईंनी दोनदा बेरीज केली, दोन्ही वेळा तेच. वयाचे गुण मिळाले, इंग्रजीचे मिळाले, जेद्दातल्या नोकरीचे मिळाले. इथे बर्नीत कवळ्या करतो त्याचेही. टास्मानियाच्या या वाऱ्याच्या कोपऱ्यात राहायला तयार आहे, त्याचेसुद्धा देतात. पण कायम राहण्यासाठी सरकारचं बोलावणं यावं, एवढे काही होत नाहीत. ऑगस्ट संपताना मला चाळीस पूर्ण. मग वयाचे घसरणार आणि सगळंच आटोपणार.

बाई अर्जावर बोट फिरवत होत्या. मध्येच थांबल्या. "विवाहित लिहिलंय तुम्ही. पत्नी कुठे असतात?"

"इलोइलोला. माझ्या गावी."

"येणं-जाणं?"

"सात वर्षं झाली. फोनसुद्धा नाही."

बाई एकदम खुलल्या. "अहो, मग तुम्ही एकटे! एकट्याला दहा मिळतात!"

माझ्या एकटेपणावर इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

१० मे

झोप लागली नाही नीट. दहा गुण कशाचे, ते आज पुन्हा विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं — बायको शिकलेली, सरकारच्या यादीतल्या कामाची असेल तर दहा. बायकोच नसेल तरी दहा. पण बायको आहे आणि यादीतली नाही, तर काही नाही. "सरकारच्या बाजूने बघा ना. तुमच्यामागून तीही येणार. एक जागा अशा माणसाला कशाला द्यायची?"

बरोबर आहे म्हटलं. खरंच बरोबर वाटलं. जेद्दात सगळं मालकाच्या मर्जीवर. त्याचं पोट साफ झालं असेल तर पासपोर्ट हातात, नाहीतर "पुढच्या महिन्यात बघू". इथे निदान बेरीज आहे. बेरजेला भाचा नसतो, पुतण्या नसतो. पहिल्या दिवसापासून हेच आवडलं मला या देशाचं.

१२ मे

घटस्फोट झालेला असता तर एक कागद पुरला असता. पण आमच्या देशात घटस्फोटच नाही! म्हणून माणसं हवीत. घरमालकीण, कामावरचा साहेब आणि खुद्द बायको. तिघांनी लिहून द्यायचं की मी एकटा आहे.

मिंडाचा नंबर नाही माझ्याकडे. लग्नाच्या बायकोचा!

१५ मे

मानांग पेर्लाला विचारलं. तिच्याच घरात मागची खोली माझी. ती इलोइलोकडचीच, म्हणून मी तिला मानांग म्हणतो, म्हणजे ताई, आणि ती मला तोतो, म्हणजे बाळ. हातातला डाव खाली ठेवून बघत राहिली.

"माझ्या छपराखाली राहतोस, माझ्या भांड्यातलं खातोस आणि मी लिहून देऊ तू एकटा आहेस म्हणून?"

"तसं नाही गं मानांग. जोडीदार नाही, एवढंच."

"ते आंधळ्यालासुद्धा दिसतं, तोतो."

लिहिलं मात्र. वाचायला नको होतं मी. लिहिलंय — रविवारी चर्च सुटलं की सगळे आपापल्या माणसाला हाका मारत गाड्यांकडे जातात. हा पायरीवर उभा राहतो, सगळे जाईपर्यंत. घाई नसल्यासारखं दाखवतो.

मला वाटायचं, कुणाचं लक्ष नसतं.

१६ मे

रसेलसाहेबांनी दोनच ओळी लिहिल्या. "तीन वर्षं माझ्याकडे आहे. त्याला कामावर कधी कुणाचा फोन आलेला नाही." सही करून म्हणाले, "मी किती वर्षं जाहिरात देत होतो, ठाऊक आहे? इथे कवळ्या करायला कुणी येईना. तू आलास, टिकलास. आणि आता ते बेरीज करत बसलेत! मला विचारा ना म्हणावं."

"तुम्हाला विचारलं तर मला मिळेल, साहेब. पण तुमच्या ओळखीचा नसलेल्याचं काय?"

"तू फार शहाणा आहेस," म्हणाले आणि चहा करायला गेले. दिवसभर बोलले नाहीत. मीही नाही. समोर आठ तोंडांचे साचे. त्या म्हाताऱ्यांचे चेहरे मी कधी पाहिलेले नाहीत. नुसत्या हिरड्या.

२१ मे

मिंडाशी बोललो.

नंबर तिच्या बहिणीकडून, अर्लीनकडून मिळवला. फोन उचलला तेव्हा मागे कढईचा चर्र आवाज. तिची खानावळ चालू आहे अजून! मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "थांब, मासा करपेल." थांबलो. बराच वेळ थांबलो.

मग सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "मी तुझ्या अर्जात असले तर मला किती?"

"तुला काही नाही."

"आणि नसले तर?"

"दहा."

"म्हणजे मी उणे दहा," म्हणाली आणि हसली! तेच हसू, नाकातून.

"मीच तुला म्हटलं होतं ना, या नाताळाला येऊ नको म्हणून," ती म्हणाली. "देईन लिहून. खरंच आहे ते."

"का म्हणाली होतीस तसं?" सात वर्षांत विचारलं नव्हतं.

"वर्षातून एकदा पाहुणा यावा तसा यायचास, सांतो. नवीन चादर, चांगल्या बश्या. तू गेलास की त्या बश्या धुताना मला वैताग यायचा. म्हटलं, नकोच."

गिऱ्हाईक हाका मारत होतं. ठेवला फोन.

२३ मे

तिने फोन केला! लिहायला बसली होती. कोणत्या साली गेलास, कोणत्या साली शेवटचा आलास, असं विचारत होती. तारखा जुळेनात आमच्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी शेवटचा आलो तेव्हा छत गळत होतं. मी म्हटलं, ते त्याच्या आधी. भांडलो चांगले. मजा आली.

२७ मे

पुन्हा फोन. तारखांचं केव्हाच संपलं होतं.

३० मे

मिंडाचं लिहून आलं. एजंट बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे नाही चालणार."

लिहिलं होतं — क्रिसांतो माणूस वाईट नाही. जेवताना बोलत नाही. ताप आला की त्याला कपाळावर हात लागतो, कुणाचाही चालतो. आम्ही आता वेगळे आहोत. तो एकटा आहे आणि एकटं राहणं त्याला जमत नाही, तरी राहतो.

"हे वाचून कुणीही म्हणेल, ही बाई वाट बघतेय," बाई म्हणाल्या. "कोरडं हवं. संबंध नाही, माहिती नाही, इच्छा नाही. एवढंच."

मिंडाला हे सांगायचं कसं? सांगितलं. ती म्हणाली, "बरं. कोरडं."

४ जून

दुसरं आलं. "सदर व्यक्तीच्या राहणीमानाबद्दल, प्रकृतीबद्दल किंवा व्यवहाराबद्दल मला काहीही माहिती नाही. माहिती करून घेण्याची इच्छा नाही. आमचं वैवाहिक जीवन संपलेलं आहे."

"उत्तम!" एजंट बाई.

५ जून

संध्याकाळी मिंडाला फोन लावला. पसंत पडलं म्हणून सांगितलं.

"मग झालं तर."

"झालं." कुणीच ठेवेना. मी म्हटलं, "परवा मेण वितळवताना माझा हात —"

"सांगू नकोस!"

आणि तीच बोलू लागली.

"मला काही माहीत नाही असं लिहून दिलंय ना मी? वर सही केलीय. मग मला माहीत नकोच. खोट्यावर सही नाही करणार मी, सांतो. बोलावणं येईपर्यंत फोन नको. तू नको करूस, मीही नाही करणार." मग एकदम हळू आवाजात — "फार भाजलंय का रे?" आणि लगेच, "नको, नको, सांगू नको." आणि फोन बंद.

उजवा हात. फोड आलेत. कुणाला सांगायचं नाही.

११ जून

नवा अर्ज गेला. आता वाट.

१९ जून

पाऊस आडवा येतो इथे, समुद्रावरून. बंदरावरच्या लाकडाच्या भुशाचा वास सगळ्या गावभर. काम, घर, काम.

२ जुलै

इतकी वर्षं फोन नव्हता तेव्हा असं होत नव्हतं. आता खिशात फोन जड वाटतो. सुकट तळली तर मानांग खिडक्या उघडायला लावते. तळली नाही.

१० जुलै

बोलावण्यांची यादी लागली. नाव नाही.

ग्रंथालयात भेटतो तो इराणी इंजिनिअर — त्याचं आलं. बायकोही इंजिनिअर. दोघं कामाची, म्हणून त्यांना दहा. मी एकटा, म्हणून मला दहा. पेढा द्यावा तशी पिस्त्याची मिठाई त्याने हातावर ठेवली. चांगला माणूस आहे. त्याचं चुकलं काय? कुणाचंच काही चुकत नाही. बेरीजही बरोबर. मला राग नेमका कुणाचा येतोय, ते सापडत नाही.

मिंडा पहाटे उठून चाळीस माणसांचा भात रांधते. ते कोणत्याच यादीत नाही.

२२ जुलै

तिचा नंबर काढून बघितला. लावला नाही. लिहून दिलेलं खरं राहायला हवं ना!

३ ऑगस्ट

रसेलसाहेब म्हणाले, "तुझं काही बिनसलंय का?" थंडी, म्हटलं.

१४ ऑगस्ट

आलं! बोलावणं आलं! चाळिशीच्या आधी! एजंट बाईंचा फोन आला तेव्हा हातात ओली कवळी होती, तशीच धरून उभा राहिलो. रसेलसाहेबांनी पाठीत धपाटा घातला. मानांगने शेवया करायला घेतल्या, चर्चमधल्या चारपाच जणींना बोलावलं. सगळ्या रडल्या. मीही.

"आता कायमचा झालास रे, तोतो!"

मग खोलीत आलो, दार लावलं आणि मिंडाला फोन लावला. आता चालतं ना — बोलावणं आलं!

अर्लीनने उचलला. मिंडा झोपलीय म्हणाली. एवढ्या लवकर? तर म्हणे दमते हल्ली. मी विचारत राहिलो. शेवटी ती चिडली.

"ऑपरेशन झालंय तिचं. जुलैत. पोटात गाठ होती, पिशवीसकट काढली. साधी निघाली, देवाची कृपा. आता बरी आहे."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तिनेच बजावलं होतं. त्याला कळलं तर तो येईल, येईल तर त्याचे गुण जातील. माझ्याकडून शपथ घेतली तिने." मग म्हणाली, "सिस्टर विचारायची, नवरा कुठाय? ही म्हणायची, वाटेवर आहे. आत नेलं तरी तेच. येतोय, वाटेवर आहे."

बाहेर बायका गात होत्या.

१६ ऑगस्ट

मिंडाशी बोललो आज. आवाज बारीक झालाय. पहिलंच वाक्य — "मूर्खपणा करू नकोस. आलंय ते घे. हवं तर मी पुन्हा लिहून देते."

"काय लिहिशील?"

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. पलीकडे पंखा फिरत होता. तोच ऐकत बसलो.

कागद खोटा नाही, हे मला कळतं. कायद्याने बघितलं तर आजही मी एकटा. कुणी विचारायलासुद्धा येणार नाही. सोडलं तर पुढच्या हिवाळ्यात तात्पुरता परवाना संपणार, आणि चाळिशीनंतर पुन्हा कधी जमणार नाही. जेद्दा, बर्नी, बारा वर्षं. सगळं या एका गोष्टीसाठी केलं.

१७ ऑगस्ट

एजंट बाईंना फोन केला. ते दहा गुण काढून टाका म्हटलं.

"अहो, मग बोलावणंच रद्द होईल! कुणी हरकत घेतलीय का?"

"कुणी नाही."

"मग?"

"मला बायको आहे."