पेन्सिलीचा कान

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर पाहून नाक मुरडशील, खुशाल मुरड, पण शेवटपर्यंत वाच. घरी सगळे बरे आहेत. तुझा भाचा माझ्याहून उंच झालाय, अक्कल मात्र अजून गुडघ्यातच. तुझ्या वर्गाच्या खिडकीची कडी अजून सुतळीनेच बांधलेली आहे.

तू निवृत्त झालीस आणि तुझ्या वर्कशीटचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. एकतीस वर्षांची, हाताने आखलेली, कपाटभर. एकेक स्कॅन करायचं, डाग पुसायचे आणि मुलांना टॅबलेटवर बोटाने सरकवता येईल असा खेळ करायचा. बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की टुंई. मुख्याध्यापक खूश, मी तर हवेतच. तुझ्या कागदांवर रिकाम्या चौकटींपाशी पेन्सिलीचं एक वेटोळं असायचं. मला वाटलं, ताईला गिरगटायची खोड. सगळी पुसून टाकली.

गेल्या सोमवारी दुसरीला ‘जोड्या लावा’ दिलं. डॉक्टर – दवाखाना, शिक्षक – शाळा, चालक – बस. ‘आई’समोरची चौकट तू रिकामीच ठेवली होतीस. म्हटलं, ताई विसरली, वय झालं! मोठ्या तोऱ्यात मीच ‘घर’ टाइप केलं.

एका मुलीनं आईला दवाखान्यात नेलं. टुंई. पुन्हा नेलं. टुंई. सहा वेळा. मग टॅबलेट पालथा घालून, हाताची घडी घालून बसली. शेजारी वाकून विचारलं तेव्हा हळूच कानात म्हणाली, की तिची आई दवाखान्यात नर्स आहे आणि घरी बाबा असतात.

शाळा सुटल्यावर मुलांनी भरलेले जुने कागद काढले. त्या चौकटीत काय काय होतं! बँक, दुकान, आजीकडे. एकानं लिहिलं होतं, ‘फोटोत’. प्रत्येकापाशी तुझं ते वेटोळं, आणि नीट पाहिलं तर तो कान होता, पाळीसकट. मग आठवलं, तू बाकापाशी वाकलेली असायचीस आणि एखादं पोर तुझ्या कानाला लागलेलं. मला वाटायचं, चहाड्या सांगतायत; ती तर आपापलं उत्तर सांगत होती.

ताई, मला फार लाज वाटली. तुझ्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, ही रद्दी आता कुणाला लागणार? सगळे हसले. तूही हसलीस. आणि नंतर जो अबोला धरलास, त्याला सात महिने झाले. ती नुसती थट्टा होती, अशी मनाची समजूत घालत राहिले. थट्टा नव्हती ती. तुझ्या शेवटच्या दिवशी मला शहाणं दिसायचं होतं.

चौकट मी पुन्हा रिकामी केलीय. शेजारी कानाचं बटण ठेवलंय. मूल ते दाबून आपलं उत्तर बोलेल, रोज बसून मी ते ऐकेन. पण दाबल्याबरोबर कुणीतरी ‘सांग, मी ऐकतेय’ म्हणायला हवं. माझ्या आवाजात करून पाहिलं, तर ती मुलगी म्हणते, बाई रागावल्यासारख्या वाटतात. तो आवाज तुझाच हवा. माझ्याशी नको बोलूस, मुलांसाठी तेवढं म्हण. रविवारी सकाळी दाराशी येते. माझंही एक उत्तर चुकलंय, म्हणून खाली कान काढलाय. तुझ्यासारखा जमला नाही.

तुझीच,
शेंडेफळ