कमळीच्या घराची सभा

झरी, शुक्रवार

प्रिय कमळी,

जीपवाल्या रवींद्रच्या हाती पाठवलेला तुझा कागद मिळाला. वरच्या माळावर तुला घर बांधायचं आहे, सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं आहेत, म्हणून माझी संमती हवी. साधी गोष्ट आहे. मग ती मला साधी का वाटत नाही, हे मी रोज डायरीत लिहून पाहतो आणि रोज वेगळंच उत्तर येतं.

पाड्यात घर बांधायचं तर सभेला विचारायचं, आणि सभा हो म्हणाली की घरटी एक माणूस खांब उभे करायला यायचा, हे तुला ठाऊक आहे. आता सरकारनं गाव नव्या विकास आराखड्यात घेतलंय. परवानगी तालुक्याच्या कचेरीतून मिळणार, सभेच्या ठरावाची गरज नाही. तिथला कारकून मला हसून म्हणाला, "सर, तुमचा त्रास वाचला." मला बरं वाटायला हवं होतं. पण टेकडीखालची पट्टी घेतलेल्या शेठला तिथे बंगले टाकायचेत, आणि विहीर आटेल म्हणून सभेनं त्याला दोनदा परत पाठवलंय. सभेचा सचिव मीच. माझीच बहीण सभेला बाजूला ठेवून कचेरीतून घर घेऊन आली, तर उद्या शेठला कुठल्या तोंडानं अडवू?

आणि सभा तुला नाही म्हणाली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तुक्याकाका म्हणाला, "लग्नाचा मांडव दिला ना तिला? आता खांबही आपणच द्यायचे?" लग्न होऊन गेली ती दुसऱ्या गावची, तिचे देव दुसरे, असं त्याचं म्हणणं. त्यावर गंगीआजी उठली. "मी पण बाहेरूनच आले रे तुक्या. माझ्या देवांनी तुझी कोंबडी खाल्ली का कधी?" तुक्याकाका म्हणाला, "देवांनी नाही, तू खाल्लीस." सगळे हसले, आणि त्या हसण्यातच नकार ठरून गेला. मीही हसलो असेन. तो नकार मी वहीत लिहून घेतला.

घरी आल्यावर विचार केला, ज्या सभेच्या हक्कासाठी मी गेली कित्येक वर्षं तालुक्याला खेटे घालतोय, ती माझ्या बहिणीला उभं राहू देत नाही, आणि ज्या नियमाला मी शिव्या देतो तो तिला घर देतो. मग बरोबर कोण? शिवाय वरचा माळ तुला गेला तर माझी तिथली नाचणी जाते. मी गावाच्या हक्काचं बोलतोय की नाचणीचं? प्रामाणिकपणे सांगतो, मला वेगळं करता येत नाही. भाऊजी गेल्यापासून तू दक्षाला घेऊन कासा गावात भाड्याच्या खोलीत राहतेस, हे आठवलं की सगळीच तत्त्वं पोकळ वाटतात. मग टेकडीखाली मोजणीवाले दिसतात, आणि पुन्हा खरी वाटतात.

काल भाकरी थापता थापता तुझ्या जमनावहिनीनं विचारलं, "कमळीला कोणी सांगितलं होतं का सभेला यायला?" मी म्हटलं, सांगतात घरोघरी, तुक्याकाका फिरतो ना. ती म्हणाली, "तिचं घर कुठे आहे पाड्यात?" आपल्याकडे बोलावणं घराला जातं, आणि तुला तर घरच हवं होतं. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला न विचारता ठरवणं, हेच तर आपण सरकारला नको म्हणतो.

म्हणून रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर सभा पुन्हा बसवतोय. तुक्याकाका कुरकुरला, पण पाड्यात सांगून आलाय. तो कासापर्यंत काही येणार नाही, तेव्हा हे पत्र म्हणजे सभेचं तुला बोलावणं समज. तुझा कागद सही करून सोबत ठेवलाय. तो कचेरीत आधी द्यायचा, नंतर द्यायचा की द्यायचाच नाही, ते तू ठरव. सहीचा कागद तुझ्याजवळ असताना लोक हो म्हणाले, तर ते तुला हो म्हणाले की कागदाला घाबरले, हे मला कधीच कळणार नाही. आणि नाही म्हणाले तर मी काय करीन, तेही आज माहीत नाही. तरी ये. तुझं तूच बोल.

तुझाच भाऊ,
उमेश