गोल दोघींवर

सर, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. बोललेलं सगळं कळायचं. आमच्या आईने मैदानाच्या फाटकाशी येऊन तुमची तक्रार तुमच्याच तोंडावर केली, तेव्हा तुम्ही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतली होतीत; उत्तर मात्र दखनीत दिलंत. तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला चाललं नसतं. तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. तो मला मराठीतच सरळ विचारता येईल, म्हणून मराठीत लिहिते.

माझ्या मुलीचा मुलगा कॅनडात हॉकी खेळतो. बर्फावरची हॉकी. गंमत म्हणून नव्हे, पगार घेऊन. तुम्ही पाहिली असतीत तर आधी नाक मुरडलं असतंत. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, बुटांखाली लोखंडी पाती, आणि गोलच्या मागेही मैदान. माणूस माणसाला कठड्यावर आपटतो आणि पंच बघत राहतो. मीही पहिल्यांदा टीव्ही बंद केला होता. पण सर, मागे दोघं असतात. तीन जण पुढे धावतात आणि दोघं मागे, एक डावा, एक उजवा, आमच्यासारखे. ते दिसलं आणि मी पुन्हा टीव्ही लावला. तिकडचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे सकाळी येतो. दूध तापत असतं, कामवाली भांडी घासत असते आणि मी खुर्ची ओढून बसते. ती विचारते, "अम्मा, आज बाबू जीतता क्या?" मी तिला सांगते, "जीतना सामनेवालों का काम है. बाबू का काम रोकना है." हे वाक्य तुमचं आहे, हे तिला कुठून माहीत असणार.

या मोसमात त्यांच्या संघातले दोन जुने बचावपटू जखमी झाले आणि दोन पोरांना एकत्र संधी मिळाली. एक माझा नातू, दुसरा त्याच्याच वयाचा, सोनेरी दाढीचे खुंट वाढलेला, उंच. काही आठवडे दोघं असे खेळले की तिकडचे समालोचक दोघांची नावं एका दमात घ्यायला लागले. पुढची कित्येक वर्षं संघाची मागची बाजू हे दोघं सांभाळतील, असं बोललं जाऊ लागलं. मी फोनवर नातवाला त्याच्या चुका सांगत होते. तोही ऐकत होता. कौतुक करायला तिकडे टीव्हीवाले आहेत.

मग जुन्यांपैकी एकाचं बरं होऊन परत यायचं ठरलं. म्हणजे या दोघांतला एकच राहणार आणि दुसऱ्याला खालच्या संघात, कुठल्याशा लहान गावात पाठवणार, हे सगळ्यांना कळलं. त्याच आठवड्यात तो गोल झाला. मी पाहिला. विरोधी खेळाडू चकती घेऊन गोलच्या मागे गेला. माझा नातू त्याच्यावर गेला. जायलाच हवं होतं. दुसऱ्याने समोर थांबायचं. तोही गेला. गोलसमोर तिसराच माणूस मोकळा उभा होता, त्याने नुसती काठी लावली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, तू कायकू गया?" कामवाली दचकून बाहेर आली.

पुढचं मला नातवानेच सांगितलं. त्याचं मराठी तुम्हाला हसू आणेल असं आहे, पण कळतं. "आज्जी, दुसऱ्या दिवशी कोचने सगळ्यांना रूममध्ये बसवला. व्हिडिओ थांबवला. मला विचारला, हा मोकळा माणूस कोणाचा?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटला, आमचा."

"आणि?"

"त्याने पुन्हा विचारला. मी पुन्हा म्हटला, आमचा. मग त्याने माझ्या पार्टनरला विचारला. तो म्हणाला, माझा होता. मी जायला नको होतं."

"बरोबर म्हणाला. त्याचाच होता."

"मला माहीत होता, आज्जी. पण तू सांगितलंस ना, गोल दोघांवर होतो."

मीच सांगितलं होतं. लहानपणी उन्हाळ्यात आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तुटक्या स्टिकने मी त्याला उभं राहायला शिकवायची. एक गेला तर एक थांबतो. नजर चेंडूवर नको, समोरच्याच्या कमरेवर. आणि गोल झाला तर दोघांवर झाला, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. दोन दिवसांनी दुसऱ्याला ठेवलं आणि माझ्या नातवाला खाली पाठवलं. कोचने कारण दिलं ते असं: पोरगा कष्टाळू आहे, पण कुठला माणूस कोणाचा हे त्याला अजून वाचता येत नाही.

माझी मुलगी त्या दिवशी फोनवर रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, इथे ती चहाडी नसते. इथे त्याला समज म्हणतात. कोचला गुन्हेगार नको होता. याला खेळ कळतो की नाही, एवढंच बघायचं होतं त्याला."

"मग त्याला कळत होतं की."

"ते कोचला कसं कळणार? आणि तो दुसरा मुलगा सरळ म्हणाला, माझं चुकलं. तो राहिला." मग ती म्हणाली, "तुझे ते सर."

मी म्हटलं, सरांना मध्ये आणू नकोस. आपल्या पोराने केलं ते योग्य केलं. आणि फोन ठेवला. ऑफिसात तीस-बत्तीस माणसं हाताखाली असताना मी हेच करत आले. वरून विचारणा झाली की "माझ्या सेक्शनची चूक आहे," एवढंच सांगायचं. कुणाचं नाव कधी वर गेलं नाही. लोक मला खडूस म्हणायचे, पण माझ्या सेक्शनमधून कुणी बदली मागितली नाही. त्यामुळे मला शंका यायचं कारणच नव्हतं. शंका फोन ठेवल्यावर आली.

कोठीच्या कॉलेजमागचं ते मैदान मला दिसतं आहे. गवत नाही, लाल माती, एका कडेला नळ. तुम्ही नामपल्लीहून सायकलवर येता, पँटला खाली क्लिपा लावलेल्या. मुली हॉकी खेळतात म्हणून जामबागेतले आमचे शेजारी बाबांना विचारतात आणि बाबा "कॉलेजात सक्तीचं आहे" असं खोटं सांगतात. तुम्ही मला डावी फुलबॅक केलंत आणि उजवीला चारमिनारकडून येणारी ती मुलगी. पहिल्याच दिवशी हुकूम: दोन्ही बॅक सामन्याच्या दिवशी एका डब्यात जेवतील. आईची तक्रार त्यावरच होती. घरी येऊन ती मला म्हणाली, "तिच्या डब्यातलं तू खातेस?" मी म्हटलं, सरांचा नियम आहे. पुढच्या सामन्याला डब्यात पोळ्या जास्त होत्या आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पुडीत. "तिला तिखट चालतं का विचार," एवढंच म्हणाली. ती मुलगी त्या चटणीसाठी पहिला तास बुडवायची. तिच्या घरची खट्टी दाल मी पोळीशी खायची, आणि ती मला वेड्यात काढायची, "दाल के साथ चावल खाते, हौली."

आणि तो सामना. समोरच्या संघाची मुलगी चेंडू घेऊन कडेने आली. माझी जोडीदारीण तिच्यावर गेली, मीही गेले, मधे त्यांची दुसरी मुलगी मोकळी राहिली. गोल. मध्यंतरात सगळ्या मुलींसमोर मी बोलले, "सर, ये गई सामने." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

"मैं नाम पूछा क्या? गोल किस पे हुआ?"

"हम पे, सर."

"तो दोनों दौड़ो."

आम्ही मैदानाला फेऱ्या मारल्या. ती पळता पळता हसत होती. "चुगली करके भी दौड़ना पड़ा ना तेरे कू?" मला इतका राग आला होता की पुढच्या अर्ध्या खेळात माझ्या बाजूने कुणी फिरकू शकलं नाही. मध्यंतरातली ती पळापळ, ती शिक्षा, तो नियम एवढंच मी आयुष्यभर सांगत आले. मुलांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, गच्चीवर त्या पोराला सांगितलं.

पण सामना संपल्यावर नळापाशी तुम्ही मला एकटीला बोलावलं होतंत. हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. नळ चालू होता, मी ओंजळ धरली होती. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "वो गई, तुम देखे. फिर तुम कायकू गए?" मी म्हटलं, हमारी गलती हुई सर. तुम्ही नळ बंद केलात. "हमारी नक्को बोलो. वो उधर बोलते, सब के सामने. इधर बोलो, वो बीच वाली किसकी थी?" मी ओंजळीतलं पाणी सोडलं. मग म्हटलं, "मेरी." तुम्ही "हौ" म्हणालात आणि नळ पुन्हा सोडलात. शिक्षा दोघींना, पण शिकवणं एकीला, आणि एकटीला. प्रत्येक सामन्यानंतर आमच्यापैकी कुणीतरी एक नळापाशी जायची. दुसरी विचारायची नाही. तुमचा नियम दोन तुकड्यांचा होता, सर. मी नातवाला त्यातला एकच दिला.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. कोचची ती खोली मैदान होती की नळ? सगळ्यांसमोर विचारलं, म्हणून मैदान म्हणावं, तर माझा नातू बरोबर वागला. पण सामना संपलेला होता, विचारणारा शिकवू पाहत होता, आणि तिथे शिक्षा कुणालाच नव्हती. मग तो नळ. मग "आमचा" हे उत्तर चुकीचं होतं, आणि तो दुसरा मुलगा, ज्याने तुमचं नावही ऐकलेलं नाही, तो तुमच्यासारखं वागला. माझ्या जोडीदारणीला विचारलं असतं, पण लग्न होऊन ती जेद्द्याला गेली आणि नंतर पत्ता राहिला नाही. मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि चुकीचं उत्तर देऊन मोकळं व्हायची मला सवय नाही.

नातू त्या लहान गावात खेळतो आहे. बसने दहा दहा तास प्रवास करून सामन्यांना जातात. मी त्याला नळाची गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकली. मग म्हणाला, "आज्जी, मग मी कोचला एकट्यात जाऊन सांगू शकलो असतो."

"हो."

"तू हे आधी नाही सांगितलंस."

"नाही."

"ओके," म्हणाला. रागावला नाही. मग विचारलं, "तू माझ्या पार्टनरचे मॅच बघतेस का? कसा खेळतो?" मी म्हटलं, "मला वेळ कुठे आहे."

सर, मी बघते. नातू खाली गेल्यापासून एकही सामना चुकवलेला नाही. काल सकाळीही लावला. माझ्या घरचं त्यात कुणी नाही. तो उंच पोरगा त्या जुन्या बचावपटूबरोबर खेळत होता आणि मी शेवटपर्यंत बसून होते, कशासाठी, ते दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. त्याने चुकावं म्हणून. तो सबंध सामन्यात एकदाही चुकला नाही. चकती गोलमागे गेली की जुना जायचा आणि हा समोर थांबायचा, प्रत्येक वेळी. तो फार चांगला खेळतो.